पोसायडनचं कौतुक झालं, आता आमच्या शेराचं बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयावरचा लेख वाचला. इथल्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेला कांस्य पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव), रोमन आरसा, सातवाहनकाळातला व्यापार, सगळं यथास्थित. पण शेवटी लेखक महाशय लोकांना सांगतात की घरातल्या जुन्या वस्तू आपापल्या गावच्या संग्रहालयाला द्या, तिथं माझं डोकं फिरलं.

दिल्या की हो आम्ही! तालुक्याच्या गावी आमचं भुसारी दुकान होतं. वडील गेल्यावर धान्याची पितळी मापं निघाली: चिपटं, मापटं, शेर, अधोली. भाऊ म्हणाला, मोडीत घाल. मी ऐकलं नाही, गावच्या संग्रहालयात नेऊन दिली. पोच मागितली तर "साहेब मीटिंगला गेलेत." ती पोच अजून यायची आहे.

दिवाळीत नातवाला कौतुकानं दाखवायला नेलं. आमचा शेर काचेमागं, शेजारी समई, खाली चिठ्ठी: 'शिवकालीन पूजापात्रे'. अहो, शेराच्या काठाखाली करवीर दरबारचा, म्हणजे कोल्हापूर संस्थानचा, शिक्का आहे! त्याच्या बाजूला वडिलांनी खिळ्यानं ठोकलेली दुकानाची खूण. १९४९ ला संस्थान विलीन झालं, पुढं किलो आले, तरी आई तांदूळ त्याच शेरानं मोजायची. महाराजांना यात कशाला ओढता? चिपटं तर दिसलंच नाही. विचारल्यावर तिथल्या गृहस्थांनी "आत असेल" म्हणत एका कपाटाकडं हात केला. त्या कपाटापुढं प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी १९४५-४६ ला ब्रह्मपुरीवर खणलं, तेव्हा कुठल्या थरात काय मिळालं ते लिहून ठेवलं. म्हणून आज तुम्हाला अर्धं पान भरता येतं. इथं देणारा माणूस जिवंत, समोर उभा, सांगायला तयार, आणि लिहून घ्यायला कुणी नाही. एक नोंदवही घालायला काय पुण्याहून पथक बोलवायचं?

लेखकांनी पुढचं आवाहन करण्याआधी एकदा एसटीनं तालुक्याला जाऊन यावं. मात्र किल्ली कुणाकडं आहे ते आधी विचारून घ्यावं. कधी कधी ती शेजारच्या वाचनालयात असते, आणि वाचनालयाला कुलूप असतं.

आणखी एक. पुरवणीत गडद निळ्यावर पांढरी बारीक अक्षरं छापणं कृपा करून बंद करा. कालचा लेख मला भिंग लावून वाचावा लागला. खताची जाहिरात मात्र चष्म्याशिवाय दिसली.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
मंगळवार पेठ, कोल्हापूर