जगाच्या बातम्या आणि भूगोलाची पाच सूत्रे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील युद्ध, पूर, दुष्काळ, स्थलांतर यांच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमितपणे येतात आणि काय घडले, कोण काय म्हणाले, हे त्यांतून बहुधा नीट कळते. परंतु जे घडले ते तेथेच का घडले, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. अनेक वर्षे भूगोल शिकवल्यामुळे ही उणीव मला इतरांपेक्षा अधिक जाणवत असेल. तरीही तिच्यामुळे वाचकाचे खरे नुकसान होते असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भूगोल म्हणजे राजधान्या, नद्यांची लांबी आणि शिखरांची उंची पाठ करण्याचा विषय, ही समजूत जगात सर्वत्र आढळते. तिला दिलेले सर्वांत सुटसुटीत उत्तर मला १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दिसते. तेथील भूगोल-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद आणि भूगोलतज्ज्ञांची संघटना यांनी शालेय शिक्षणासाठी ती मिळून तयार केली होती. त्यांत विषयाची मांडणी पाच सूत्रांभोवती केली होती : स्थान, ठिकाण, मानव आणि पर्यावरण यांची आंतरक्रिया, चलनवलन आणि प्रदेश. पुढे १९९४ मध्ये १८ मानके असलेली अधिक विस्तृत रचना आली आणि अभ्यासकांच्या दृष्टीने ती अधिक काटेकोर आहे, हे खरे. पण सामान्य माणसाला नकाशासमोर उभे राहून स्वतःला विचारता येतील असे प्रश्न आजही त्या पाच सूत्रांतूनच मिळतात, असा माझा अनुभव आहे.

पहिली दोन सूत्रे ऐकायला एकसारखी वाटतात आणि नवख्या विद्यार्थ्याचा गोंधळ येथेच होतो. स्थान म्हणजे एखादी गोष्ट कोठे आहे, तर ठिकाण म्हणजे तेथे काय आहे आणि ते कसे आहे. सिंगापूर आणि इक्वेडोरची राजधानी किटो ही दोन शहरे घ्या. दोन्ही विषुववृत्ताला इतकी लगटून आहेत की अक्षांशांतील फरक दोन अंशांचाही नाही, आणि केवळ अक्षांश पाहून हवामान सांगणारा विद्यार्थी दोन्हीकडे सारखाच उकाडा असेल असे सांगेल. प्रत्यक्षात सिंगापूर समुद्रकाठी आहे, वर्षभर उष्ण आणि दमट. आणि किटो अँडीज पर्वतात सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे, जेथे बाराही महिने हवा थंडगार असते. स्थानाचा आकडा बरोबर असूनही ठिकाण समजलेले नसते ते असे.

शिवाय स्थानही दोन प्रकारचे असते. अक्षांश-रेखांशांनी सांगितले जाते ते निरपेक्ष स्थान, आणि इतर जागांच्या संदर्भाने ठरते ते सापेक्ष स्थान. पहिले स्थिर असले तरी तेसुद्धा माणसांनी आपसांत ठरवलेल्या मापावर उभे असते. ग्रिनिचमधून जाणारे रेखावृत्त हे मूळ रेखावृत्त मानावे, असा ठराव १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत झाला, पण फ्रान्सने आपली अधिकृत वेळ ग्रिनिचशी जुळवली ती थेट १९११ मध्ये. दुसरे, म्हणजे सापेक्ष स्थान, माणसाच्या एका कृतीने पालटू शकते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला तेव्हा तांबड्या समुद्रावरील कोणतेही बंदर आपल्या जागेवरून हलले नाही, आणि तरीही जगाच्या व्यापारातील त्यांतल्या प्रत्येकाची जागा बदलली. मार्च २०२१ मध्ये सुमारे ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज त्याच कालव्यात आडवे अडकून सहा दिवस वाहतूक बंद राहिली. त्या वेळी जहाजाची छायाचित्रे सगळीकडे झळकली. मात्र त्या चिंचोळ्या वाटेला पर्याय म्हणजे संपूर्ण आफ्रिका खंडाला घातलेला वळसा, हे दाखवणारा एक साधा नकाशा त्या छायाचित्रांपेक्षा अधिक सांगून गेला असता.

मानव आणि पर्यावरण यांच्या आंतरक्रियेविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण वृत्तपत्रांत सर्वाधिक येणारा आणि सर्वाधिक अर्धवट मांडला जाणारा विषय हाच आहे. ‘निसर्ग कोपला’ एवढे म्हटले की बातमी पूर्ण झाली असे समजले जाते. अरल समुद्राचे उदाहरण पाहा. ४५ अंश उत्तर अक्षांश आणि ६० अंश पूर्व रेखांश यांच्या आसपास, आजच्या कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या सीमेवर पसरलेला हा खाऱ्या पाण्याचा जलाशय १९६० च्या सुमारास क्षेत्रफळाने जगातील चौथ्या क्रमांकाचे सरोवर होता. कोरड्या वाळवंटी पट्ट्यात तो टिकून होता तो पामीर आणि तिएन शान या दूरच्या पर्वतांतील बर्फ आणि पावसाचे पाणी घेऊन येणाऱ्या अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्यांच्या जिवावर. सोव्हिएत नियोजनात या नद्यांचे पाणी कापसाच्या सिंचनाकडे मोठ्या प्रमाणावर वळवले गेले. पाऊस कमी झाला म्हणून नव्हे, तर येणारे पाणी वाटेतच वापरले गेले म्हणून सरोवर आटत गेले. त्याची क्षारता वाढली, मासे नाहीसे झाले, मुयनाक या बंदरातील नौका वाळूत रुतून राहिल्या आणि उघड्या पडलेल्या तळावरील मीठ व शेतातून वाहत आलेली रसायने वाऱ्याबरोबर वस्त्यांवर उडू लागली. पाण्याचा तो मोठा साठा गेल्यावर भोवतालचे हवामानही बदलले, उन्हाळे अधिक तापू लागले आणि हिवाळे अधिक कडक झाले. २०१४ मध्ये दक्षिण अरलचा पूर्वेकडील भाग पूर्णपणे कोरडा पडला.

या एका घटनेत पाचही सूत्रे कशी गुंतलेली आहेत, याकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष नेहमी वेधत असे. वाळवंटातील खोलगट जागा हे स्थान, मासेमारीवर जगणारी बंदरे हे ठिकाण, कालव्यांनी वळवलेले पाणी ही आंतरक्रिया, आणि बाहेर जाणारा कापूस, वाऱ्यावर उडणारे मीठ व गाव सोडणारी माणसे हे चलनवलन. प्रदेशाचा प्रश्न तर त्याहून बिकट आहे. नद्यांचे खोरे हा पाण्याच्या नात्याने बांधलेला एकच प्रदेश आहे. परंतु १९९१ नंतर त्याच्यावर अनेक स्वतंत्र देशांच्या सीमा पडल्या, आणि ज्या उंचावरील देशांना हिवाळ्यात विजेसाठी पाणी सोडायचे होते व ज्या सखल देशांना ते उन्हाळ्यात शेतीसाठी हवे होते, त्यांच्या गरजा एकमेकींशी जुळेनात. त्यातून जे साधले तेही सांगितले पाहिजे. २००५ मध्ये कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने कोक-अरल बंधारा पूर्ण केला, त्यामुळे सीर दर्याचे पाणी उत्तरेकडील लहान भागात अडवले गेले, तेथील पातळी वाढली आणि मासेमारी परत सुरू झाली. दक्षिणेकडील भागाला मात्र त्याचा लाभ झाला नाही, आणि ही निवड करावी लागली हेही बातमीत येणे आवश्यक आहे.

पर्यावरणात केलेला प्रत्येक बदल विनाशाकडेच नेतो असे मला सुचवायचे नाही. नेदरलँड्सने १९३२ मध्ये सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून समुद्राची एक आखातसदृश शाखा तोडली, तिचे गोड्या पाण्याच्या सरोवरात रूपांतर केले आणि तळाची जमीन शेतीखाली व वस्तीखाली आणली. त्याच देशाने अलीकडच्या काळात नद्यांचे बांध अनेक जागी मागे सरकवून पुराच्या पाण्याला मुद्दाम जमीन मोकळी करून दिली आहे. परिस्थिती बदलणे आणि परिस्थितीशी जुळवून घेणे या दोन्ही वाटा एकाच समाजाने वेगवेगळ्या वेळी स्वीकारलेल्या दिसतात, आणि त्यांतली कोणती केव्हा योग्य ठरते हे समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते.

चलनवलन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माणसे आणि माल येतात, परंतु सहारातील बोडेले या खोलगट भागातून उडालेली धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलात पडते आणि तेथील जमिनीला फॉस्फरस पुरवते, हेही चलनवलनच आहे. माहितीचा प्रवासही असाच विसरला जातो. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळील समुद्रातील ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा त्या देशाला जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली आणि ती पूर्ववत व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. आपण जिला आकाशातून येणारी समजतो ती माहिती बहुतांशी समुद्राच्या तळावरून, ठरावीक वाटांनी येते.

प्रदेश या सूत्राबाबत एवढेच म्हणेन की प्रदेश निसर्गात आखून ठेवलेले नसतात, ते आपण काही निकष लावून आखतो, आणि म्हणून नाव वापरताना तो निकष कोणाचा आहे हे पाहावे लागते. ‘मध्यपूर्व’ हा शब्द आपल्या दैनिकासह सर्वत्र वापरला जातो. पण त्या भूभागाला पूर्व म्हणायचे तर पाहणारा युरोपात उभा असावा लागतो. ‘पश्चिम आशिया’ या नावात अशी अडचण नाही, कारण ते खंडातील जागेवरून ठरते. दोन्ही नावांनी नेमके तेच देश मोजले जातात असेही नाही, इजिप्तचे उदाहरण लगेच आठवेल. त्यामुळे कोणते नाव कोणत्या अर्थाने वापरले आहे, हे एखाद्या वाक्यात स्पष्ट केल्यास वाचकाची सोय होईल.

या सूत्रांचा एक धोकाही मी वर्गात पाहिला आहे. पाच रकाने आखून प्रत्येकात एक-दोन ओळी भरल्या की देश ‘झाला’ असे मानले जाते, आणि ज्या घोकंपट्टीतून सुटायचे होते तीच नव्या नावाने परत येते. रकान्यांमधील रेषा ओलांडून जाणारा विचार, म्हणजे या ठिकाणचे चलनवलन थांबले तर त्या प्रदेशाचे काय होईल, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडू लागला की मी समजत असे, भूगोल सुरू झाला.

आता माझी विनंती. परदेशातील प्रत्येक मोठ्या बातमीसोबत एक लहान नकाशा द्यावा. त्यावर प्रमाणपट्टी, उत्तर दिशा आणि शेजारचे देश असावेत. तो संपूर्ण जगाचा असेल तर १५६९ मधील मर्केटर या नकाशाकाराच्या प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या त्याच्या पद्धतीवर, आधारलेला नसावा, कारण नौकानयनासाठी उत्तम असलेल्या त्या प्रक्षेपणात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. नकाशाखाली ती घटना तेथेच का घडली, हे सांगणाऱ्या तीन-चार ओळी असाव्यात. जागेची अडचण मी समजू शकते. रोज शक्य नसेल तर आठवड्यातून एका बातमीपुरती तरी ही सुरुवात करावी, आणि अशा मजकुरासाठी टिपणे काढून हवी असतील तर ती आनंदाने व विनामूल्य पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका