तक्रार : 'खासगी' म्हणून विकलेली आर्मेनियाची दिवसभराची सहल

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग, बेळगाव शाखा

विषय : आर्मेनियातील खोर विराप व नोरावांक हे मठ आणि अरेनी हे गाव यांच्या खासगी सहलीत ठरलेली सेवा न दिल्याबद्दल तक्रार आणि रकमेच्या परताव्याची मागणी

महोदय,

गेल्या मे महिन्यात तुमच्या कंपनीमार्फत आम्ही चौघं आर्मेनियाला जाऊन आलो. मी, माझे यजमान, अथणीचे थोरले दीर आणि जाऊबाई. विमान, व्हिसा, येरेवानमधलं हॉटेल याबद्दल काही म्हणणं नाही. ती कामं तुमच्या माणसांनी चोख केली. तक्रार एका दिवसाची आहे. पण त्या एका दिवसासाठीच आम्ही हा देश निवडला होता, आणि ते मी बुकिंग करताना तुमच्या काउंटरवर स्पष्ट सांगितलं होतं.

तुमच्या पावतीवर छापलेलं आहे : 'खासगी सहल. चौघांसाठी स्वतंत्र गाडी. हिंदी बोलणारा गाईड. प्रत्येक ठिकाणी थांबण्याची वेळ प्रवाशांच्या सोयीने.' याचे ३२,००० रुपये आम्ही आगाऊ भरले. याच मार्गाची ग्रुपबरोबरची सहल तुमच्या मराठी माहितीपत्रकात माणशी ४,५०० रुपयांना आहे. चौघांचे होतात १८,०००. वरचे १४,००० आम्ही मोजले ते भावोजींच्या गुडघ्यांसाठी. त्यांना पायऱ्या चढायला वेळ लागतो, मध्ये टेकावं लागतं. आपल्यामुळे परकी माणसं खोळंबली आहेत असं दिसलं की ते "तुम्ही जाऊन या, मी बसतो इथंच" म्हणतात आणि खरंच बसून राहतात. ते होऊ नये म्हणून खासगी गाडी. हेसुद्धा तुमच्या मॅडमना सांगितलं होतं. त्यांनी "काही काळजी करू नका, दिवस तुमचाच आहे" असं म्हटलं होतं.

सकाळी आठला यायची गाडी पावणेदहाला आली. गाडी म्हणजे सोळा सीटची व्हॅन, आणि तिच्यात आधीच दोन कुटुंबं बसलेली. पुढची सीट भरलेली असल्यामुळे भावोजींना सगळ्यात मागे, चाकावरच्या उंच सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं. गाईड नव्हता. चालकाला आर्मेनियन आणि रशियन येत होतं. मी लगेच तुमच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन लावला. "तिथल्या एजंटला विचारून सांगतो" असं उत्तर मिळालं. त्यानंतर दिवसभर तुमचा फोन आला नाही.

येरेवानहून खोर विराप चाळीसेक किलोमीटर. नोरावांक सव्वाशेच्या आत, म्हणजे आपल्याकडे बेळगावहून कोल्हापूरला जाऊन येण्याएवढा पल्ला, आणि रस्ता चांगला. मे महिन्यात तिथे आठ वाजेपर्यंत उजेड असतो. कार्यक्रम मुळात अवघड नव्हता हे तुम्हीही मान्य कराल. मग दिवस गेला कुठे? पहिला थांबा सुक्यामेव्याच्या दुकानात. दुसरा ब्रँडीच्या दुकानात. परतीच्या वाटेवर गालिच्यांच्या दुकानात. यातलं एकही नाव कार्यक्रमात नव्हतं. पहिल्या दोन दुकानांतच दुपारचे साडेबारा वाजले. प्रत्येक ठिकाणी चालक खिशातून एक छापील पावती काढून गल्ल्यावर देत होता, दुकानदार तिच्यावर शिक्का मारून ती परत देत होता. हे मी समोर उभं राहून पाहिलं आहे. चालकाला मी दोष देत नाही. माणूस भला होता, भावोजींना हाताला धरून उतरवत होता. त्याला त्या दुकानांत न्यायला कोणी सांगितलं, हा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

खोर विरापला वीस मिनिटं मिळाली. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते, म्हणून सांगते. ग्रेगरी या धर्मोपदेशकाला राजा तिरिदात तिसरा याने इथल्या जमिनीखालच्या विवरात तेरा वर्षं कोंडलं होतं असं परंपरा सांगते. पुढे त्याच राजाने, परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये, ख्रिस्ती धर्म राज्याचा धर्म म्हणून स्वीकारला. ते विवर आजही आहे. एका अरुंद भोकातून उभ्या लोखंडी शिडीने खाली उतरतात. शिडीशी रांग होती. आमचा नंबर यायच्या आधी खालून हॉर्न सुरू झाला. भावोजी चढावर अर्ध्यात पोहोचले होते, तिथूनच ते वळले.

आणि समोर अरारात. ५,१३७ मीटर उंच, बर्फाने माथ्यापासून खांद्यापर्यंत पांढरा, शेजारी धाकटा अरारात. आर्मेनियाच्या राजचिन्हावर हाच डोंगर आहे, पण तो उभा आहे तुर्कस्तानात. मठाच्या पायथ्याशी द्राक्षांचे मळे, त्यापलीकडे सीमा, आणि ती १९९३ पासून बंद आहे. तिथली माणसं रोज त्या डोंगराकडे बघत जगतात. सीमाभागात वाढलेल्या माणसाला तिथे उभं राहिल्यावर आत काय हलतं हे बेळगावच्या माणसांना सहल विकणाऱ्या कंपनीला मी वेगळं सांगायला नको. मला तिथे तासभर बसायचं होतं. तो तास मी विकत घेतला होता.

आता द्राक्षांचं. भावोजींची अथणीजवळ द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. एप्रिलची खरड छाटणी उरकून ते मुद्दाम मे महिन्यात निघाले, कारण ऑक्टोबरच्या फळछाटणीत बाग सोडता येत नाही. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटावी लागते. आर्मेनियात हिवाळा असा कडक की अरारातच्या मैदानात वेली वाकवून मातीखाली झाकतात आणि वसंतात पुन्हा उघडतात. झाकताना काडी मोडत नाही का, मातीत बुरशी लागत नाही का, उघडल्यावर किती डोळे ठेवतात, असे प्रश्न त्यांनी वहीत लिहून आणले होते. तुमच्या कार्यक्रमात 'अरेनी येथील वाईनरीची भेट, तळघर व जुने मातीचे रांजण पाहणे, जाणकारांकडून माहिती, चव, न पिणाऱ्यांसाठी डाळिंबाचा रस' असं होतं. प्रत्यक्षात व्हॅन रस्त्याकडेच्या टपऱ्यांसमोर थांबली. घरगुती वाईन कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत भरून ठेवलेली. बाटलीच्या झाकणाएवढ्या प्लास्टिकच्या पेल्यात दोन घोट, लगेच 'किती घेणार?' तळघर नाही, रांजण नाही, जाणकार नाही, डाळिंबाचा रसही नाही. त्या विकणाऱ्या बाईंचा यात काही दोष नाही, तिचा तो धंदाच आहे. पण टपरी दाखवून वाईनरी दाखवली असं तुम्ही म्हणू शकत नाही. भावोजींनी मोबाईलवर भाषांतर करून एक प्रश्न विचारायचा प्रयत्न केला. ती हसली आणि दुसरी बाटली पुढे केली. वही त्यांनी खिशात घातली ती पुन्हा काढली नाही.

अरेनीची गुहा तर दाखवलीच नाही. 'गुहा बंद आहे' असं चालकाने हाताने खुणावलं. ही गुहा नोरावांकला जाणाऱ्या घळीच्या तोंडाशीच आहे, व्हॅन तिथूनच वळली, आणि माणसं जिना चढून आत जात होती. माझ्याकडे वेळ दिसणारे फोटो आहेत. ही जगातली आतापर्यंत सापडलेली सर्वांत जुनी वाईनरी. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची द्राक्षं तुडवायची उथळ जागा, रस साठवायचा रांजण, द्राक्षांच्या बिया, सगळं तिथे उत्खननात मिळालं. २००८ मध्ये याच गुहेत साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा जोडा सापडला, अजून नाडीसकट. द्राक्षबागेत आयुष्य गेलेल्या माणसाला त्या दारावरून पुढे नेलंत.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. शाकाहारी जेवण लिहून दिलं होतं. मिळालं लवाश म्हणजे तिथली पातळ रोटी, चीज, टोमॅटो आणि काकडी. जाऊबाईंनी तेवढ्यावर दिवस काढला. गरम लवाश चांगला होता हे खरं सांगते, पण त्याला जेवण म्हणत नाहीत.

नोरावांकला पोहोचलो तेव्हा सव्वासहा वाजले होते. व्हॅनमधल्या एका कुटुंबाला रात्रीचं विमान होतं, म्हणून पंधरा मिनिटं ठरली. आम्हाला कोणी विचारलं नाही.

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, १२०४ सालचं, रट्ट राजांच्या काळातलं. दरवर्षी मी मुलांना तिथे नेते. छतातलं ते दगडी कमळ पाहिल्यावर मुलं मान खाली करायला विसरतात. नोरावांकची स्थापना १२०५ ची. एका वर्षाचं अंतर. एवढ्या लांब, डोंगरात, दुसऱ्या धर्माच्या माणसांनी त्याच काळात दगडात काय केलं हे पाहून येऊन मुलांना सांगायचं, हे मी गेली काही वर्षं मनात धरून होते. तांबड्या कड्यांच्या मधे ते मठ उभे आहेत, आणि संध्याकाळच्या उन्हात दगड आणि कडा यांचा रंग एकच होतो. १३३९ मध्ये पूर्ण झालेलं दोन मजली चर्च मोमिक या शिल्पकाराचं. त्याच्या दर्शनी भिंतीतून दगडी पट्ट्या बाहेर काढून दोन्ही बाजूंनी वर जाणारा जिना केला आहे. इतका अरुंद की पाऊल आडवंच टाकावं लागतं, आणि धरायला कठडा नाही. शेजारच्या इमारतीच्या खिडकीवर बदामी डोळ्यांचा, मोठ्या डोक्याचा देवपिता कोरला आहे, हात आशीर्वादाला उचललेला. मी त्याच्या खाली उभी होते, एक फोटो काढला, तेवढ्यात यजमानांनी हाक मारली कारण व्हॅन सुरू झाली होती. भावोजी आणि जाऊबाई पार्किंगच्या पलीकडे गेलेच नाहीत.

परत आल्यावर तुमच्याकडून फोनवर तीन प्रकारची उत्तरं मिळाली. एकदा 'तिथल्या एजंटची चूक'. एकदा 'खासगी म्हणजे छोटा ग्रुप'. एकदा 'अटींमध्ये लिहिलंय की कार्यक्रमात बदल होऊ शकतो'. पहिल्याबद्दल माझं म्हणणं, मी एजंटला ओळखत नाही, पैसे तुम्ही घेतले, पावती तुमची. दुसऱ्याचं उत्तर पावतीवरच आहे : 'चौघांसाठी स्वतंत्र गाडी'. तिसऱ्याबद्दल, दरड पडली, रस्ता बंद झाला, पाऊस आला तर बदल समजू शकतो. आमच्या गाडीतल्या सीटा दुसऱ्यांना विकणं आणि आमचे तास दुकानांना देणं हा कार्यक्रमातला बदल नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात याला सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात, आणि माहितीपत्रकातल्या मजकुराला दिशाभूल करणारी जाहिरात.

माझ्या मागण्या अशा. खासगी आणि ग्रुप यांच्या दरातल्या फरकाचे १४,००० रुपये परत करावेत. त्याशिवाय गाईड, वाईनरी, गुहेचं तिकीट आणि जेवण यांच्यापोटी ३२,००० मध्ये किती रक्कम धरली होती ते लेखी कळवून तीही परत करावी. दुकानांचे थांबे कोणाच्या सांगण्यावरून झाले आणि त्यांतून तुम्हाला किंवा तुमच्या एजंटला काही मिळतं का, याचं स्पष्ट उत्तर द्यावं.

एक मागणी पैशांची नाही, पण मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. तुमचं मराठी माहितीपत्रक खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंत जातं. ते वाचून पैसे भरणारी बहुतेक माणसं निवृत्त आहेत, पहिल्यांदाच परदेशी निघालेली आहेत, आणि मराठीत लिहिलंय म्हणजे आपल्या माणसांनी लिहिलंय या भरवशावर सही करतात. आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाच्या बायका दिवाळीनंतर याच सहलीला निघायच्या विचारात आहेत आणि त्यांनी माझं मत विचारलं आहे. पुढच्या माहितीपत्रकात खासगी सहलीत किती माणसं, कोणती गाडी, गाईड कोणत्या भाषेचा, दुकानांत थांबणार असाल तर किती वेळ, हे सगळं छापा. भावोजींसारख्या माणसाला एका जागी अर्धा तास टेकू देणार असाल तरच त्याच्याकडून त्याचे पैसे घ्या.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. राहत्या जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंत मोबदला भरलेल्या प्रकरणात शुल्क लागत नाही, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. कागद सगळे जुळवून ठेवले आहेत. पावती, कार्यक्रमपत्रिका, माहितीपत्रकाचं पान, वेळ दिसणारे फोटो आणि तुमच्या आणीबाणीच्या नंबरवर केलेल्या फोनची नोंद यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडेच राहतील.

उत्तर पोस्टाने किंवा ईमेलने पाठवा. फोनवर बोलायची माझी आता तयारी नाही.

आपली,
(सही)
टिळकवाडी, बेळगाव