पंखाच्या भारचाचणीबाबत सूचना
सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपण आखलेल्या हलक्या विमानाच्या पंखाची भारचाचणी येत्या रविवारी सकाळी १० वाजता कांदिवलीच्या गाळ्यात होईल. उड्डाणात पंखावर वरच्या दिशेने येणारा जोर खालच्या दिशेने देता यावा म्हणून पंख उलटा बसवून त्यावर वाळूच्या पिशव्या रचायच्या असून, ३.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३.८ पट) या मर्यादाभारानंतर, म्हणजे उड्डाणात अपेक्षित कमाल भारानंतर, त्याच्या दीडपट, म्हणजे ५.७ जीपर्यंत जायचे असल्याने प्रत्येकाने पंखावरील पिशव्यांच्या वाटणीची आकडेमोड वहीत करूनच यावे. अंदाजपंचे काम चालणार नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत जोडलेल्या पंखाच्या दोन फासळ्यांवरचे एपॉक्सी (जोडणीचा चिकट पदार्थ) आठवडाभर बोटाला चिकटत होते, त्या फासळ्या चाचणीआधी तपासल्या जातील. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतच गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. आपल्याला तूर्त गाळाच बरा. चपला घालून येऊ नये.