एकाच रकान्यात किती कोंबायचे?

महोदय,

फॉर्मवर ‘लिंग’ असा एकच रकाना असतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शरीराचे लिंग आणि मनातला लिंगभाव या दोन गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो.

शारीरिक लिंगही वाटते तितके सरळ नाही. पहिले साधारण सहा आठवडे गर्भातल्या जननग्रंथी ना वृषण असतात ना अंडाशय. पुढे वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकाने (ते १९९० मध्ये सापडले) इशारा दिला की त्यांचे वृषण होऊ लागतात. पण पेशींनी पुरुषी संप्रेरकांना दादच दिली नाही, तर गुणसूत्रे एक्स-वाय असूनही बाळ मुलीच्या शरीराने जन्मते. पाळी का येत नाही म्हणून तपासणी होते, तेव्हा कुठे हे कळते.

लिंगभाव म्हणजे माणूस स्वतःला आतून काय मानतो. मराठीत तो लपवताही येत नाही. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, हे तोंड उघडताच ठरवावे लागते. कुणी ‘गेलो’ सोडून ‘गेले’ म्हणू लागले की ऐकणाऱ्याला तो एक स्वर खटकतो. बोलणाऱ्याची मात्र त्यासाठी वर्षे गेलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, लिंगभाव जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी न जुळणे ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली, ती यादी २०२२ पासून लागू आहे. तरी ‘डोक्यात बिघाड’ हा शेरा ऐकू येतोच.

आणि कोण कोणाकडे आकर्षित होते, हा तर तिसराच प्रश्न. तोही याच रकान्यात कशाला घुसवायचा?

– एक वाचक