वकीलकाकू, न झालेल्या एका सहीबद्दल

आदरणीय वकीलकाकू,
सादर प्रणाम.

माझा धाकटा भाऊ नागपूर विमानतळावर उतरला, त्या रात्री तुम्ही गर्दीच्या मागे उभ्या होतात आणि आई तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच निघून गेलात. तेव्हा बोलायचे राहिले, ते आज सर्वांसमक्ष लिहीत आहे.

आखातातील मालकाने त्याच्यावर चोरीचा आळ घेतला, वाचता न येणाऱ्या अरबी कागदावर त्याची सही घेतली आणि त्याच कागदाच्या आधारे त्याला शिक्षा झाली. हिवाळी अधिवेशनात आम्ही अर्ज घेऊन विधानभवनासमोर दोन दिवस ताटकळलो. परराष्ट्र व्यवहार संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीत येतात, आमचे काम दिल्लीत आहे, हे आम्हाला धंतोलीत तुमच्याच ओसरीवर प्रथम कळले.

त्या दिवशी आईच्या पिशवीत आणखी एक कागद होता. कैद्यांच्या प्रत्यावर्तनाच्या 2003 च्या कायद्याखाली भावाला भारतातील तुरुंगात आणावे, असा तो अर्ज होता आणि त्यावर फक्त भावाची संमती घ्यायची राहिली होती. मुलगा निदान डोळ्यांसमोर राहील, एवढीच तिची आशा होती. तुम्ही पेन्सिलीने ‘अंतिम’ या शब्दाखाली रेघ ओढलीत आणि म्हणालात, “हा कायदा निकाल अंतिम झालेल्या कैद्याला उरलेली शिक्षा इथे भोगू देतो. अपील सोडून तो आला, तर घरी येईल, पण गुन्हेगार म्हणून.” आई रडली, तुमच्यावर रागावलीही. तरी तुम्ही तो कागद पुढे जाऊ दिला नाहीत, याचे ऋण आमच्यावर सर्वांत मोठे आहे.

पुढे खासदारांसाठी तुम्ही लोकसभेच्या अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या प्रश्नाचा मसुदा केलात. त्यात एकट्या माझ्या भावाबद्दल न विचारता, त्या देशात किती भारतीय कैदेत आहेत, वकिलातीचे अधिकारी किती जणांना भेटले आणि अपिलासाठी कोणाला मदत मिळाली, असे विचारायला लावलेत. सोबतच्या निवेदनात परदेशात अटकेतील नागरिकाला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क देणारे 1963 च्या व्हिएन्ना कराराचे कलम 36 होते आणि कुलभूषण जाधव प्रकरणातील हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा 17 जुलै 2019 चा निकालही होता. नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी ते प्रकरण एक रुपया शुल्कात लढवले, हे सांगताना तुमचा आवाज किंचित बदलला होता. लेखी उत्तर सभागृहात आले, त्यानंतर अधिकारी भावाला भेटले, भारतीय समुदाय कल्याण निधीतून वकील मिळाला आणि अपिलात तो निर्दोष ठरला.

वकिलातीची भेट आणि कायदेशीर मदत हा कैद्याचा हक्क व्हावा, यासाठी तुम्ही आता अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायच्या विधेयकाचा मसुदा करत आहात. अशा विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारची दुपार तेवढी येते, हे तुम्हीच सांगितलेत, तरीही तुम्ही पानामागून पान लिहीत आहात. त्याला निकालपत्राची प्रत जोडायची असल्यास भाऊ रविवारी ती घेऊन येईल. त्याचे नाव झाकू नका, असे त्याने स्वतः सांगितले आहे.

तुमची कृतज्ञ,
त्याची ताई