इंग्लंडला कायदा शिकायला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला कायद्यासाठी अर्ज करायचा तर शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. तिकडचे संध्याकाळचे ६ म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. त्या वेळेपर्यंत थांबू नका. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने थांबून पाहिलं, आणि नेमका नऊला करंट गेला. शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून कसाबसा अर्ज गेला.

दोन्ही विद्यापीठांना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. एकच निवडा. अर्जात एकूण पाच जागा असतात, बाकीच्या चार इतर विद्यापीठांसाठी वापरा.

दोन्हीकडे एलनॅट (LNAT) ही कायद्याची प्रवेश परीक्षा लागते. ९५ मिनिटांत ४२ प्रश्न, मग ४० मिनिटांत एक निबंध. कायद्याचं ज्ञान विचारत नाहीत, उतारा वाचून त्यातला युक्तिवाद पकडता येतो का ते बघतात. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याच्या विरुद्ध बाजूने पानभर लिहायला लावा. पाठांतराने इथे काही होत नाही.

नाव तपासा, हे फार महत्त्वाचं. आपल्याकडे मार्क्स कार्डावर इनिशियल असतं आणि पासपोर्टवर वडिलांचं पूर्ण नाव. परीक्षेची नोंदणी ओळखपत्रावरच्या नावानेच करा.

शिफारसपत्र देणाऱ्या सरांना आत्ताच गाठा. दसऱ्याच्या सुट्टीत ते गावी गेले की फोनही लागत नाही.

रविवारी सकाळी १० वाजता टिळकवाडीत नेहमीच्या जागी बसू. मुलांनाही आणा, मार्क्स कार्ड आणि पासपोर्ट सोबत असू दे.