हळद द्या, पण लस चुकवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खटाव तालुक्यात आमची चार हजार पक्ष्यांची ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची, शेड आहे. यजमान एसटीत चालक आहेत, त्यामुळे शेड मीच बघते. कंपनीशी करार नाही. पिल्ले, खाद्य, औषधे सगळे आमच्याच पैशातून.

गेल्या मार्चमध्ये एक विक्रेता हळद, गुळवेल, तुळस आणि अश्वगंधा यांचा अर्क घेऊन आला. रोज पाण्यातून द्या, एकविसाव्या दिवसाची लासोटा, म्हणजे मानमोडी रोगावरची लस, नाही दिली तरी चालते, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. लस दिल्यावर पक्षी दोन-तीन दिवस शिंकतात, वजन जरा मागे पडते, हे मी पाहिलेले. म्हणून पटले. अठ्ठाविसाव्या दिवशी पहाटे तुसावर हिरवी विष्ठा दिसली. पुढे पक्ष्यांच्या माना वाकड्या होऊ लागल्या. मानमोडी. अकराशे पक्षी चुना टाकून पुरले, आणि खड्डा मीच उभी राहून खणून घेतला.

पक्षी उघडून पाहणाऱ्या डॉक्टरांनी जे समजावले, ते विक्रेत्याने सांगायला हवे होते. लस शरीराला त्या एका विषाणूची ओळख करून देते. हळद ती ओळख देऊ शकत नाही. वनस्पतींचा उपयोग नाही असे नाही. लस दिलेल्या पक्ष्यांना हळद, लसूण, शेवग्याचा पाला दिल्यावर रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, वाढल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे, काहींत फरक पडलेला नाही. म्हणजे लस दिलेल्या पक्ष्याला हातभार लागला तर लागेल. मी आजही खाद्यात हळद घालते, पण लसीचे दिवस भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत.

ब्रॉयलरचे आयुष्यच चाळीसेक दिवसांचे. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओसरतात. गंबोरो या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस फार लवकर दिली तर तीच प्रतिपिंडे लस निकामी करतात. उशीर झाला तर रोग आधी बर्सा ही गुदद्वाराजवळची, प्रतिकारशक्ती घडवणारी ग्रंथी खातो, आणि मग पुढची मानमोडीची लसही नीट लागू पडत नाही.

प्रतिकारशक्ती वाढवायची तर महागड्या बाटलीआधी पाणी बघा. मी लसीच्या दोन दिवस आधी टाकीतले क्लोरीन बंद करते, कारण त्याने जिवंत लस मरते. लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालते, बाकी कसलाही अर्क नाही. पक्षी तासभर तहानलेले ठेवून ते पाणी दोन तासांत संपवते. लस आणताना थर्मासमध्ये बर्फ असतो. आणि मका. पावसाळ्यात बुरशी धरलेला मका स्वस्त मिळतो, पण बुरशीचे विष लसीचा परिणाम मारून टाकते. क्विंटलमागे वाचवलेले शे-दीडशे रुपये तिथेच जातात.

पशुसंवर्धन विभागाला माझे दोन गोष्टींचे मागणे आहे. 'प्रतिकारशक्तीवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर 'हे लसीऐवजी नाही' असे मराठीत ठळक छापणे सक्तीचे करा. आणि लसीनंतर रक्तातली प्रतिपिंडे मोजून घेण्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात नमुने स्वीकारा. आज नमुने बर्फात घालून पुणे गाठायचे म्हणजे माझा अख्खा दिवस जातो, आणि तेवढा वेळ शेडला कोणी नसते. लस लागली की नाही हे कळत नाही, म्हणून तर माणूस कोणाच्याही बाटलीवर विश्वास ठेवतो.

सध्याच्या बॅचचा आज तेरावा दिवस आहे. उद्या सकाळी गंबोरो पाजायची आहे.

आपली विश्वासू,
एक कुक्कुटपालक, ता. खटाव, जि. सातारा